रूटला चालतो, मला चालत नाही: लिनक्सवर कोसळणाऱ्या ब्राउझरचा तपास

ब्राउझरच्या चिन्हावर क्लिक केलं की क्षणभर खिडकी उघडल्यासारखी वाटते आणि नाहीशी होते. कधी तेवढंही होत नाही, नुसता कर्सर गोल फिरून थांबतो. मग कोणीतरी टर्मिनल उघडून तोच ब्राउझर सुडो लावून, म्हणजे रूट या सर्वाधिकारी युजरच्या नावाने, चालवतो आणि तो मुकाट्याने उघडतो. लगेच निष्कर्ष निघतो की ब्राउझर ठणठणीत आहे आणि घोळ माझ्या खात्यातच आहे. यातलं पहिलं बहुतेक वेळा खरं असतं, दुसरं असेलच असं नाही. शिवाय ज्या प्रयोगातून निदान करायचं होतं त्याच प्रयोगाने नवा बिघाड करून ठेवलेला असतो. तो कसा, ते पुढे येईलच.

रूट म्हणजे शून्य क्रमांकाचा युजर. साध्या माणसांचे क्रमांक बहुतेक वितरणांमध्ये (उबंटू, डेबियन अशा लिनक्सच्या अवतारांमध्ये) 1000 पासून सुरू होतात. प्रत्येक फाइलला एक मालक असतो, एक ग्रुप असतो, आणि मालकाला, ग्रुपला व इतरांना काय करता येईल याच्या नोंदी असतात: वाचणं, लिहिणं, चालवणं. साध्या युजरच्या प्रोग्रामने फाइल उघडायला मागितली की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, या नोंदी तपासतो. रूटने मागितली तर वाचण्या-लिहिण्याची ही तपासणी कर्नल जवळजवळ सोडूनच देतो.

पण फरक एवढाच नाही. रूटचं होम फोल्डर वेगळं, म्हणजे ब्राउझरचा प्रोफाइलही (बुकमार्क, पासवर्ड, सेटिंग्ज ठेवायचं फोल्डर) वेगळा आणि कोरा. डिस्क भरत आली तरी रूटसाठी थोडी जागा राखून ठेवलेली असते. किती प्रोसेस (चालू प्रोग्राम) चालवता येतील यावरची मर्यादा रूटला लागत नाही. आणि क्रोमियमच्या (क्रोम ज्यावर बेतलेला आहे त्या ब्राउझरच्या) कुळातला ब्राउझर रूट म्हणून चालवायचा तर त्याचा सँडबॉक्स, म्हणजे वेब पानांना कोंडून ठेवणारा बंदोबस्त, बंद करावा लागतो. म्हणजे ‘रूटला चालतो’ या एका वाक्यात चार-पाच गोष्टी एकाच वेळी बदललेल्या असतात. नेमकी कुठल्या बदलामुळे गाडी सुरू झाली हे त्या वाक्यातून कळत नाही. एवढं मात्र कळतं की प्रोग्रामची फाइल आणि तिला लागणाऱ्या लायब्ररी (तयार कोडच्या फाइली) मोडलेल्या नाहीत. म्हणूनच अशा वेळी ब्राउझर काढून पुन्हा इन्स्टॉल करणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. तरीही पहिला सल्ला तोच मिळतो.

आणखी एक सल्ला मिळतो, तो जास्त घातक आहे: ‘चालतोय ना सुडोने, मग तसाच वापर.’ ब्राउझर हा दिवसभर अनोळखी लोकांनी लिहिलेला कोड आणून चालवणारा प्रोग्राम आहे. त्यात एखादं भोक सापडलं तर साध्या खात्यात नुकसान त्या खात्यापुरतं राहतं, रूटच्या खात्यात अख्खं मशीन हातचं जातं. सँडबॉक्स चालू असेल तर क्रोम आणि क्रोमियम रूट म्हणून सुरू व्हायलाच नकार देतात. फायरफॉक्सही दुसऱ्याच्या होम फोल्डरमध्ये रूट म्हणून चालवला तर हे चालणार नाही असं सांगून बंद होतो. हे नकार बनवणाऱ्यांनी उगाच घातलेले नाहीत.

आधी तो काय म्हणतो ते ऐका

चिन्हावर क्लिक करून ब्राउझर कोसळला तर त्याचं शेवटचं म्हणणं पडद्यावर दिसत नाही. म्हणून साध्या खात्यातूनच टर्मिनल उघडा आणि नाव टाइप करून ब्राउझर सुरू करा. बराच मजकूर येईल. त्यातला बहुतांश निरुपयोगी असतो. धडधाकट ब्राउझरही टर्मिनलमध्ये जीटीके, डीबस, व्हीए-एपीआय असल्या इशाऱ्यांची बडबड करत असतोच. प्रत्येक ओळ शोधयंत्रात टाकत बसलात तर संध्याकाळ होईल. शेवटच्या दहा-पंधरा ओळी पाहा आणि त्यांत काही ठरावीक शब्द शोधा: ‘परमिशन डिनाइड’, ‘नो स्पेस लेफ्ट’, ‘रीड-ओन्ली’, ‘सँडबॉक्स’, ‘कॅनॉट ओपन डिस्प्ले’. यातला एखादा सापडला तर निम्मं काम झालं.

ब्राउझर पडल्यावर लगेच त्याच टर्मिनलमध्ये एको आणि डॉलर-प्रश्नचिन्ह असं लिहून एंटर दाबा. एक आकडा मिळतो, तो बोलका असतो. 139 म्हणजे सेगमेंटेशन फॉल्ट, प्रोग्रामने मेमरीत नको तिथे हात घातला. 137 म्हणजे बाहेरून कोणीतरी ठार केलं. बहुधा मेमरी संपल्यावर कर्नलने. 134 आणि 133 हे मात्र वेगळे आहेत. इथे प्रोग्राम अपघाताने पडलेला नसतो, ‘ही अट पूर्ण झाल्याशिवाय मी पुढे जाणार नाही’ म्हणून त्याने स्वतःच स्वतःला संपवलेलं असतं. क्रोमियममध्ये हे फार दिसतं. ‘ट्रेस/ब्रेकपॉइंट ट्रॅप’ असे शब्द येतात आणि माणूस घाबरतो. खरं तर ही चांगली बातमी आहे, कारण अशा मरणाच्या आधीच्या एका-दोन ओळींत कारण बहुधा लिहिलेलं असतं. (हिशेब साधा आहे: 128 मध्ये प्रोग्रामला संपवणाऱ्या सिग्नलचा, म्हणजे इशाऱ्याचा, क्रमांक मिळवला की हा आकडा येतो. सेगमेंटेशन फॉल्टचा सिग्नल 11, म्हणून 139.)

रूट नको, नवा युजर हवा

आता खरा प्रयोग. मशीनवर एक नवा साधा युजर तयार करा, त्याला काहीही खास अधिकार देऊ नका. चालू खात्यातून पूर्ण बाहेर पडा आणि लॉगिनच्या पडद्यावरून नव्या खात्यात शिरा. मग ब्राउझर उघडा.

लॉगिनच्या पडद्यावरूनच शिरायचं, टर्मिनलमध्ये एसयू (युजर बदलायची कमांड) करून नाही, याला कारण आहे. रीतसर लॉगिन केलं की सिस्टम त्या युजरसाठी /रन/युजर या फोल्डरखाली त्याच्या क्रमांकाचं एक खासगी फोल्डर बनवते, पडद्यावर खिडकी उघडायची परवानगी देते, आवाज आणि ग्राफिक्स कार्ड वापरू देते. एसयू करून युजर बदलला तर यातलं बरंचसं जुन्या युजरच्याच नावावर राहतं. मग ब्राउझर पडतो तो वेगळ्याच कारणाने, आणि आपण भलत्याचाच माग काढत बसतो.

नव्या खात्यात ब्राउझर नीट चालला तर बिघाड तुमच्या जुन्या होम फोल्डरमध्ये आहे, बाकीच्या सिस्टमला हात लावायचं कारण नाही. नव्या खात्यातही पडला तर तुमचा प्रोफाइल, तुमची एक्स्टेन्शन्स, तुमच्या सेटिंग्ज सगळे निर्दोष सुटले आणि दोष सिस्टममध्ये आहे. रूटच्या प्रयोगातून अशी स्वच्छ फाळणी कधीच मिळत नाही.

बिघाड होम फोल्डरमध्ये असेल तर

सर्वांत वारंवार सापडणारा गुन्हेगार म्हणजे मालकी बदललेल्या फाइली. होतं असं: कधीतरी, कदाचित महिन्यांपूर्वी, कोणीतरी सुडो लावून ब्राउझर चालवलेला असतो. सुडोने अधिकार रूटचे दिले, पण होम फोल्डर तुमचंच ठेवलं. उबंटूमध्ये 19.10 या आवृत्तीच्या आधी सुडोची ही सवयच होती, आणि आजही सुडोला ‘माझं सगळं वातावरण तसंच ठेव’ असा पर्याय दिला तर हेच होऊ शकतं. ब्राउझरने मग तुमच्या घरात शिरून नव्या फाइली लिहिल्या, पण मालक म्हणून नाव पडलं रूटचं. पुढच्या वेळी तुम्ही साध्या खात्यातून ब्राउझर उघडलात की स्वतःच्याच घरातल्या फाइली त्याला उघडता येत नाहीत. कुठला ब्राउझर यावर ‘प्रोफाइल सापडत नाही’ असा निरोप देतो, कुठला नुसता पडतो. सुरुवातीला ज्या नव्या बिघाडाबद्दल म्हटलं तो हाच.

शोधायला सोपं आहे. होम फोल्डरमध्ये उभं राहून फाइंड कमांडला सांगा की ज्यांचा मालक रूट आहे त्या फाइली दाखव. निरोगी खात्यात ही यादी सहसा रिकामी असते. काही सापडलं तर नेहमीच्या जागा ठरलेल्या आहेत: फायरफॉक्ससाठी .मोझिला हे लपलेलं फोल्डर (नव्या आवृत्त्यांमध्ये प्रोफाइल .कॉन्फिगच्या आतही असू शकतो), क्रोम आणि क्रोमियमसाठी .कॉन्फिगमधली त्यांची फोल्डरं, दोघांसाठीही .कॅश, प्रमाणपत्रांसाठी .पीकेआय. या यादीत .एक्सऑथॉरिटी ही फाइल दिसली तर ब्राउझरच काय, पुढच्या वेळी लॉगिनसुद्धा अडू शकतं.

दुरुस्ती म्हणजे मालकी परत आपल्या नावावर करून घेणं: सुडोसह सीएचओन ही कमांड, आत शिरत जाण्याच्या पर्यायासह, आणि फक्त त्या-त्या फोल्डरवर. दोन गोष्टी करू नका. एक, ही कमांड मुळावर, म्हणजे नुसत्या तिरप्या रेघेवर चालवू नका. त्यातून सावरण्यापेक्षा लिनक्स पुन्हा बसवणं सोपं पडतं. दोन, ‘सगळ्यांना सगळं मोकळं’ करणारी 777 ही परवानगी होम फोल्डरवर लावू नका. ती लावल्यावर ब्राउझर चालेलही, पण एसएसएच (दूरच्या मशीनवर लॉगिन करून देणारा प्रोग्राम) तुमच्या खासगी किल्ल्या वापरायला नकार देईल, कारण इतरांना वाचता येणारी किल्ली ती किल्ली मानत नाही. आजचा प्रश्न सुटेल आणि पुढच्या आठवड्यात वेगळ्याच दारावर डोकं आपटाल.

मालकी ठीक असूनही नव्या खात्यात चालतो आणि जुन्यात नाही, असं असेल तर संशय प्रोफाइलवर. तो पुसू नका, त्यात बुकमार्क आणि पासवर्ड असतात. फोल्डरचं नाव बदला आणि ब्राउझर सुरू करा. तो नवा कोरा प्रोफाइल बनवेल. फायरफॉक्समध्ये त्याहून सोपं म्हणजे मोठ्या लिपीतला पी हा पर्याय देऊन उघडायचा. प्रोफाइल निवडायची खिडकी येते. एक्स्टेन्शन आणि ग्राफिक्स कार्डाची मदत बंद ठेवून उघडण्यासाठी सेफ-मोडचा पर्याय आहे. त्यात चालला तर बहुधा एखादं एक्स्टेन्शन किंवा ग्राफिक्सचा ड्रायव्हर दोषी.

कुलुपाच्या फाइलींचं प्रकरण गमतीचं आहे. एकाच प्रोफाइलवर दोन ब्राउझर एकाच वेळी बसू नयेत म्हणून फायरफॉक्स लॉक नावाची, तर क्रोमियम सिंगलटन-लॉक नावाची खूण प्रोफाइलमध्ये ठेवतो. ब्राउझर तडकाफडकी मेला तर ती मागे राहू शकते. क्रोमियमच्या खुणेत मशीनचं नावही लिहिलेलं असतं. त्यामुळे तुम्ही मशीनचं नाव बदललंत, की तो म्हणतो, हा प्रोफाइल दुसऱ्याच संगणकावर वापरात आहे. ब्राउझरची एकही प्रोसेस चालू नाही याची खात्री करून ही खूण पुसली की झालं.

बिघाड सिस्टममध्ये असेल तर: आधी सँडबॉक्स

इथे थोडं थांबायला हवं, कारण अलीकडच्या काळात ‘फक्त साध्या युजरला पडतो’ या तक्रारीमागे सँडबॉक्स असण्याची शक्यता बरीच वाढली आहे.

ब्राउझर वेब पान दाखवणारी प्रोसेस मुद्दाम वेगळी काढतो आणि तिचे हातपाय बांधतो: तिला तुमच्या फाइली दिसू नयेत, इतर प्रोसेस दिसू नयेत, कर्नलकडे ठरावीक गोष्टीच मागता याव्यात. हे बांधकाम करायला एरवी रूटचे अधिकार लागतात. साध्या युजरला ते जमावं म्हणून लिनक्समध्ये दोन वाटा आहेत. जुनी वाट म्हणजे क्रोम-सँडबॉक्स नावाचा एक छोटा मदतनीस प्रोग्राम. त्याचा मालक रूट असतो आणि त्याची परवानगी 4755 असते. त्यातला 4 म्हणतो की कोणीही चालवला तरी हा मालकाच्या अधिकाराने चालेल. नवी वाट म्हणजे युजर नेमस्पेस. 2013 साली आलेल्या 3.8 या कर्नलपासून साधा युजरही स्वतःपुरतं एक छोटं विश्व तयार करून त्यात रूट होऊ शकतो आणि त्या विश्वात ब्राउझरची प्रोसेस कोंडू शकतो. बाहेरच्या खऱ्या मशीनवर त्याला काहीच जादा अधिकार मिळत नाही.

कल्पना सुंदर आहे, पण तिने हल्लेखोरांनाही कर्नलच्या एरवी न दिसणाऱ्या भागांपर्यंत वाट करून दिली. म्हणून वितरणांनी तिला लगाम घातले. डेबियनने ती बराच काळ साध्या युजरसाठी बंदच ठेवली होती आणि 2021 च्या 11 व्या आवृत्तीत उघडली. उबंटूने उलट दिशेने जाऊन 24.04 पासून ॲपआर्मर या प्रोग्रामांना आवर घालणाऱ्या यंत्रणेमार्फत तिच्यावर बंधन घातलं: ज्या प्रोग्रामसाठी ॲपआर्मरचा परवाना आहे त्यालाच ती मोकळेपणाने वापरता येईल. परवाना फाइलीच्या जागेवर दिला जातो. म्हणजे रीतसर पॅकेजमधून आलेला क्रोम आपल्या ठरलेल्या जागी असतो, त्याला परवाना मिळतो. तोच प्रोग्राम तुम्ही संकुचित फाइलमधून सोडवून होम फोल्डरमध्ये ठेवलात, तर त्या जागेसाठी परवाना नाही. ‘नो यूजेबल सँडबॉक्स’ एवढं म्हणून तो स्वतःला संपवतो. इलेक्ट्रॉनवर (वेबच्या तंत्राने डेस्कटॉपचे प्रोग्राम बनवायच्या साधनावर) बनलेले, विशेषतः ॲपइमेज (इन्स्टॉल न करता चालणारी एकच फाइल) स्वरूपातले, कित्येक प्रोग्राम याच कारणाने पडतात, कारण त्यांच्या पोटात क्रोमियमच असतो. फायरफॉक्स अशा वेळी सहसा पडत नाही; तो कमी बंदोबस्तात चालू राहतो.

आता रूटच्या प्रयोगाकडे पुन्हा पाहा. क्रोमियम रूट म्हणून चालवण्यासाठी तुम्ही --नो-सँडबॉक्स हा पर्याय दिलात. म्हणजे ज्याच्यावर संशय घ्यायचा त्यालाच खोलीबाहेर पाठवलं आणि मग म्हणालात, खोलीत आता सगळं ठीक आहे! योग्य प्रयोग असा: साध्या युजरनेच, फक्त एकदा, हा पर्याय देऊन ब्राउझर उघडायचा. रिकामं पान उघडायचं आणि कुठल्याही संकेतस्थळावर न जाता बंद करायचं. उघडला तर दोष सँडबॉक्सच्या जुळणीत. हा पर्याय डेस्कटॉपच्या चिन्हात कायमचा लिहून ठेवायला सांगणारे लेख भरपूर सापडतील. ते वाचून सोडून द्या.

दुरुस्ती कुठली हे संदेशावरून ठरतं. मदतनीस प्रोग्राम सापडला पण त्याची जुळणी बरोबर नाही, असं म्हणत असेल तर त्याचा मालक रूट करा आणि परवानगी 4755 द्या, याच क्रमाने. कारण मालक बदलला की तो 4 आपोआप गळून पडतो. डिस्कच्या ज्या विभाजनावर (पार्टिशनवर) तो आहे ते त्या 4 कडे दुर्लक्ष करायला सांगणाऱ्या ‘नो-एसयूआयडी’ पर्यायाने जोडलेलं असेल तर मात्र परवानगी असूनही नसल्यासारखीच. उबंटू 24.04 किंवा नंतरची आवृत्ती असेल तर सर्वांत सरळ उपाय म्हणजे रीतसर पॅकेज वापरणं. ते शक्य नसेल तर /ईटीसी/ॲपआर्मर.डी या फोल्डरमध्ये त्या प्रोग्रामच्या पत्त्यासाठी एक छोटी प्रोफाइल लिहावी, तिच्यात युजर नेमस्पेसची परवानगी द्यावी आणि ॲपआर्मरला ती वाचायला सांगावी. पाच-सहा ओळींचं काम आहे. संपूर्ण बंधनच सिसकंट्रोल या कर्नलच्या सेटिंग्ज बदलणाऱ्या कमांडमधून उठवताही येतं, पण एका प्रोग्रामसाठी सगळ्या मशीनचा बंदोबस्त ढिला करण्यात मला शहाणपण दिसत नाही.

बाकीचे संशयित

/टीएमपी (तात्पुरत्या फाइलींसाठी) आणि /डेव्ह/एसएचएम (प्रोग्रामांनी वाटून घ्यायच्या मेमरीसाठी) या दोन फोल्डरांमध्ये सगळ्यांना लिहिता आलं पाहिजे, पण दुसऱ्याची फाइल पुसता येता कामा नये. त्यासाठीची परवानगी 1777. एलएस कमांडने फोल्डरचीच माहिती मागितली की ओळीच्या डाव्या टोकाला परवानग्यांच्या शेवटी टी हे अक्षर दिसलं पाहिजे. कोणीतरी बॅकअप परत आणताना किंवा स्क्रिप्ट चालवताना ती बिघडवली, की साध्या युजरचे ब्राउझर पडतात आणि रूटला पत्ताही लागत नाही. क्रोमियम तर आपल्या प्रोसेसमध्ये चित्रांची देवाणघेवाण /डेव्ह/एसएचएममधूनच करतो. (डॉकरसारख्या कंटेनरमध्ये, म्हणजे वेगळ्या कोंडलेल्या वातावरणात, चालवत असाल तर वेगळाच त्रास: डॉकर तिथे मुळात 64 एमबीच जागा देतो. जड पान उघडलं की टॅब मरतो, पण तो रूटचाही मरतो.)

डिस्कचं मला विशेष कौतुक वाटतं, कारण इथे आकडे उघडउघड फसवतात. ईएक्सटी4 ही फाइल सिस्टम बनवताना 5 टक्के जागा रूटसाठी राखून ठेवली जाते. 500 जीबीच्या विभाजनावर ही जागा सुमारे 25 जीबी होते. साध्या युजरसाठी डिस्क पूर्ण भरलेली असते, त्याचा ब्राउझर कॅश आणि प्रोफाइलमध्ये एक अक्षर लिहू शकत नाही. रूट मात्र त्या राखीव जागेत निवांत लिहीत असतो. डीएफ कमांडमध्ये ‘उपलब्ध’ या स्तंभात शून्य दिसतं, पण एकूणमधून वापरलेली वजा केली तर बरीच शिल्लक निघते. ही तफावत पाहून डीएफच चुकतंय असं वाटतं. ते बरोबर असतं. त्याच कमांडला छोट्या लिपीतला आय हा पर्याय देऊन आयनोडही (प्रत्येक फाइलीची नोंद ठेवायच्या जागा) पाहा. जागा असून आयनोड संपले तरी नवी फाइल बनत नाही. सामायिक मशीनवर प्रत्येकाचा कोटाही असू शकतो.

मर्यादांची बाब प्रयोगशाळा आणि सामायिक सर्व्हरवाल्यांसाठी. युलिमिट कमांडला ए पर्याय दिला की तुमच्यावरच्या मर्यादा दिसतात. प्रोसेसच्या संख्येवरची मर्यादा लिनक्स थ्रेडही (एका प्रोसेसमधली समांतर चालणारी कामं) धरून मोजतं, आणि आजचा ब्राउझर शेकडो थ्रेड सहज काढतो. आभासी मेमरीवर मर्यादा असेल तर क्रोमियम हमखास पडतो, कारण तो सुरुवातीलाच आभासी पत्त्यांचा अवाढव्य पट्टा राखून ठेवतो. प्रत्यक्ष मेमरी त्याला तेवढी लागत नाही, पण मर्यादा लावणाऱ्याला हा फरक कुठे ठाऊक! ती ओळ ‘अमर्याद’ असावी.

ग्राफिक्ससाठी /डेव्ह/डीआरआय या फोल्डरमधल्या फाइली उघडता आल्या पाहिजेत. मशीनसमोर बसून लॉगिन केलेल्याला ती परवानगी आपोआप मिळते, दूरवरून शिरलेल्याला मिळेलच असं नाही. त्याला व्हिडिओ किंवा रेंडर या ग्रुपमध्ये घालावं लागतं. बहुतेक वेळा परवानगी नसली तरी ब्राउझर प्रोसेसरवरच चित्र काढून वेळ मारून नेतो, काही ड्रायव्हर मात्र सरळ कोसळतात. --डिसेबल-जीपीयू देऊन क्रोमियम चालला तर इथे पाहा.

उबंटू 22.04 पासून फायरफॉक्स मुळातच स्नॅप (उबंटूचं बंदिस्त पॅकेज) स्वरूपात येतो. तुमचं होम फोल्डर /होमच्या बाहेर, एखाद्या दुसऱ्या डिस्कवर वसवलेलं असेल तर स्नॅप तिथे जाऊ शकत नाही आणि तसं स्पष्ट सांगून थांबतो. स्नॅप सांभाळणाऱ्या स्नॅपडीच्या नव्या आवृत्त्यांमध्ये होमच्या जादा जागा सांगण्याची सोय आहे.

एक कारण असं आहे की ते सापडेपर्यंत माणसाचा विश्वास उडतो. काही प्रशासक रूटचा युमास्क 077 ठेवतात, म्हणजे रूटने बनवलेली फाइल इतरांना वाचताही येत नाही. सुरक्षेसाठी उत्तम. पण अशा रूटने /ऑप्टमध्ये ब्राउझर सोडवला, किंवा एखादी लायब्ररी हाताने बसवली, किंवा नुसते फॉन्ट टाकले, की रूटला सगळं दिसतं आणि इतरांना भिंत लागते. फाइलीची परवानगी बरोबर असूनही वरच्या एखाद्या फोल्डरची बंद असू शकते. प्रत्येक पायरीवरची परवानगी एकेक करून पाहण्यापेक्षा नेमआय ही कमांड एल पर्यायासह वापरा. मुळापासून फाइलीपर्यंतच्या प्रत्येक फोल्डरचा मालक आणि परवानगी ती एकाखाली एक दाखवते. इतकी उपयोगी कमांड इतकी दुर्लक्षित का, कळत नाही.

आणि /डेव्ह/नल, म्हणजे नको असलेला मजकूर फेकून द्यायची खास फाइल. रूटने चालवलेला एखादा प्रोग्राम निकालाची फाइल म्हणून त्याला पुसून त्या जागी साधी फाइल बनवून ठेवतो. मग साध्या युजरला तिथे लिहिता येत नाही आणि ब्राउझर सुरू करणारी स्क्रिप्टच मरते. एलएसच्या लांब यादीत त्या ओळीची सुरुवात सी अक्षराने व्हायला हवी आणि सगळ्यांना वाचता-लिहिता यायला हवं. मशीन पुन्हा सुरू केलं की कर्नल ते नव्याने बनवतो.

काहीच सापडलं नाही तर

एसट्रेस ही कमांड प्रोग्राम कर्नलकडे काय-काय मागतो ते नोंदवते. साध्या युजरने, एफ पर्यायासह (म्हणजे उपप्रोसेसही धरल्या जातील), फक्त फाइलींशी संबंधित मागण्या निवडून आणि निकाल फाइलीत लिहायला सांगून ब्राउझर तिच्यामार्फत चालवा. हजारो ओळी निघतील. त्यात ‘सापडली नाही’ असे निकाल ढीगभर असतात, ते सोडा. प्रोग्राम दहा जागी शोधून अकराव्या जागी सापडली की खूश असतो. शोधायचं ते ईॲक्सेस आणि ईपर्म: फाइल आहे, पण तुला नाही. त्यातही पडण्याच्या आधीची शेवटची काही. एक सावधगिरी: एसट्रेसखाली सेटयूआयडी (त्या 4 वाल्या) मदतनीसाला रूटचे अधिकार मिळत नाहीत, त्यामुळे सँडबॉक्सचा संशय असेल तर हा मार्ग दिशाभूल करतो. तिथे जर्नलसीटीएल (सिस्टमची नोंदवही दाखवणारी कमांड) मधल्या कर्नलच्या ओळी पाहा आणि ॲपआर्मर किंवा तशाच कामाच्या एसईलिनक्सच्या ‘डिनाइड’ नोंदी शोधा.

नव्या युजरलाही पडतो, परवानग्या स्वच्छ आहेत, जागा आहे, सँडबॉक्सचा प्रयोगही निष्फळ, आणि आकडा दर वेळी 139, असं असेल तर तो बहुधा ब्राउझरचा किंवा ड्रायव्हरचा खरा दोष आहे. सिस्टमडी (मशीनच्या सेवा सुरू करणारा प्रोग्राम) असलेल्या मशीनवर, सोय बसवलेली असेल तर, कोअरडम्पसीटीएल शेवटच्या पडझडीची यादी आणि कुठल्या लायब्ररीत पडलं ते दाखवते. ग्राफिक्स ड्रायव्हरचं नाव तिथे आलं तर तक्रार ब्राउझरवाल्यांकडे न्यायची गरज नाही. फायरफॉक्सच्या पत्त्याच्या पट्टीत अबाउट:क्रॅशेस टाइप केलं की पाठवलेल्या अहवालांचे क्रमांक मिळतात. बीपी या अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक तक्रारीत द्या, म्हणजे बनवणाऱ्यांना तुमचा नेमका अहवाल उघडता येईल. त्यासोबत वितरणाची आवृत्ती, कर्नलची आवृत्ती, पडद्याची यंत्रणा एक्स की वेलँड, आणि नव्या युजरने करून पाहिल्याचा निकाल लिहा. पॅकेज, स्नॅप, फ्लॅटपॅक (स्नॅपसारखंच दुसरं स्वरूप) की संकुचित फाइल, यांपैकी कुठला ब्राउझर आहे हेही लिहायचं. हा प्रश्न हमखास विचारला जातो.